अकरावीचे विषय आणि उद्याचा वैद्य

दहावीचा निकाल जाहीर झाला, की वैद्यांच्या चिकित्सालयात औषधाबरोबर सल्ला मागणाऱ्यांचीही ये-जा वाढते. ‘वैद्यराज, मुलीला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे, अकरावीला कोणते विषय घ्यावेत?’ हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्याला दर वर्षी अनेकदा ऐकावा लागतो. अनेक कुटुंबांना या बाबतीत विचारण्यासारखी दुसरी जाणती व्यक्ती नसते. प्रश्न दिसायला साधा आहे. परंतु त्याच्या उत्तरावर दोन वर्षांचे कष्ट, आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे मनःस्वास्थ्य अवलंबून असते.

‘पीसीबी घ्या आणि चांगला क्लास लावा’ हे या प्रश्नाचे सर्वत्र मिळणारे उत्तर. ते चुकीचे म्हणता येत नाही. मात्र ते अपुरे निश्चित आहे. या उत्तरात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे केवळ प्रवेशद्वाराचे परवाने ठरतात. द्वार ओलांडले, की परवाना फेकून द्यायचा. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हा समज अधिकच घातक आहे. कारण ‘आपल्याला पुढे संहिताच वाचायच्या आहेत, मग भौतिकशास्त्राशी काय कर्तव्य?’ असे त्याला सहज वाटू शकते. आमचे मत याच्या उलट आहे. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्र हे विषय स्वतंत्रपणे शिकवले जात नाहीत. त्यांचा जो काही पाया घालायचा, तो अकरावी-बारावीतच घालावा लागतो. तेथे राहिलेली उणीव पुढे भरून काढण्यासाठी वेगळे वर्ष मिळत नाही.

अध्ययनापूर्वी निवड करावी, हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने आधी शास्त्राची परीक्षा करावी, नंतर आचार्याची करावी, आणि आचार्याने शिष्याची परीक्षा करावी, असा क्रम सांगितला आहे. आजच्या विद्यार्थ्याला शास्त्रपरीक्षेची पहिली संधी अकरावीचा प्रवेश अर्ज भरताना मिळते. २०२५ पासून अकरावी प्रवेशाची ऑनलाइन प्रक्रिया संपूर्ण महाराष्ट्राला लागू झाली. त्यामुळे पूर्वी गावातल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात तोंडी होणारी ही निवड आता विद्यार्थ्याला संगणकाच्या पडद्यासमोर आधीच करून ठेवावी लागते. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रवेशाचे नियम

प्रथम व्यवहार पाहू. बी.ए.एम.एस.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे तीनही विषय उत्तीर्ण असावे लागतात. या तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास किमान ५० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गातील विद्यार्थ्यास किमान ४० टक्के गुण आवश्यक असतात. म्हणजे ३०० पैकी अनुक्रमे १५० व १२०. ही अट पूर्ण न झाल्यास प्रवेश परीक्षेत कितीही गुण मिळाले तरी त्यांचा उपयोग होत नाही. क्लासच्या नादी लागून बारावीच्या परीक्षेकडे सर्वस्वी दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी ‘नीट’ची. ही परीक्षा २०१३ साली प्रथम घेण्यात आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१६ साली पुन्हा मान्य केली. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या कायद्याने आयुर्वेदासह भारतीय चिकित्सा पद्धतींच्या पदवी प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा बंधनकारक केली. २०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते. जीवशास्त्राचे ९० आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ प्रश्न. अचूक उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. एकूण ७२० गुण. म्हणजे निम्मी परीक्षा जीवशास्त्राची आहे. तरीही जीवशास्त्रात बहुतेकांची तयारी बऱ्यापैकी असते आणि क्रमांक वरखाली होतो तो भौतिकशास्त्रामुळे, असा अनुभव शिक्षक सांगतात.

पालकांचा एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. खुल्या प्रवर्गासाठी पात्रता ५० व्या पर्सेंटाइलची असते. याचा अर्थ ७२० पैकी ३६० गुण असा नाही. परीक्षेला बसलेल्या सर्वांच्या उतरंडीत मधल्या पायरीपर्यंत पोहोचणे, एवढाच त्याचा अर्थ. ही पात्रता म्हणजे जागेची हमीही नव्हे. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात व उरलेल्या राज्याच्या प्रक्रियेतून. दोन्हींच्या नोंदणीच्या तारखा, अर्ज आणि शुल्क वेगवेगळे असतात. यांपैकी एका नोंदणीची तारीख चुकल्याने हाती आलेली संधी दवडली जाऊ शकते.

गणित घ्यावे की सोडावे?

विषयनिवडीतील सर्वांत मोठा घोळ गणिताचा असतो. तीन मूळ विषयांबरोबर गणितही घेतले तर अभियांत्रिकीचा मार्ग मोकळा राहतो, म्हणून पुष्कळ पालक चारही विषयांचा, ज्याला ‘पीसीएमबी’ म्हणतात तो, गट घ्यायला लावतात. ‘हे नाही तर ते’ ही तरतूद करण्यामागची काळजी आम्ही समजू शकतो. पण तिची किंमतही समजून घ्यावी. गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची व त्याचा अभ्यास रोजचा. प्रमेये व कलन यांत जाणारा वेळ जीवशास्त्राच्या वाचनातून वजा होतो.

आमच्या मते निर्णयाची कसोटी अशी असावी. मुलाचा वैद्यकाकडे जाण्याचा निश्चय झालेला असेल आणि दहावीपर्यंत गणिताशी त्याचे फारसे सख्य नसेल, तर गणित सोडावे व संकोच न बाळगता सोडावे. त्याला गणिताची गोडी असेल, त्या अभ्यासाने तो थकत नसेल, आणि निश्चय अजून व्हायचा असेल, तर वर्षभर चारही विषय ठेवून पाहण्यास हरकत नाही. केवळ शेजारच्या मुलाने घेतले म्हणून गणित घेणे मात्र टाळावे.

गणित सोडले म्हणजे आकडेमोड सुटली असेही समजू नये. भौतिकशास्त्र समजण्यासाठी सदिश, त्रिकोणमिती, लॉगरिदम आणि कलनाची तोंडओळख लागते. राज्य मंडळाच्या अकरावीच्या २०१९ सालच्या भौतिकशास्त्र पुस्तकात गणिती पद्धतींवर स्वतंत्र प्रकरण आहे. गणित न घेणाऱ्याने पहिल्या दोन महिन्यांत ते प्रकरण पक्के करावे. त्यासाठी स्वतंत्र क्लासची आवश्यकता नाही. पुढे बी.ए.एम.एस.च्या अंतिम टप्प्यात संशोधनपद्धती व वैद्यकीय संख्याशास्त्र हा विषय येतो. सरासरी, प्रमाण विचलन, नमुना निवड या कल्पनांशी आधी परिचय असेल, तर तो जड जात नाही. एखाद्या कल्पाचा गुण दहा रुग्णांत आला, यावरून किती निष्कर्ष काढावा आणि किती काढू नये, हा विवेक वैद्याला जन्मभर लागतो.

द्विलक्षी विषयांचा पेच

अनेक महाविद्यालयांत संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र, दुग्धशास्त्र असे २०० गुणांचे द्विलक्षी विषय असतात. ते घेतल्यास द्वितीय भाषा व एक वैकल्पिक विषय सोडावा लागतो. प्रात्यक्षिकांत गुण चांगले मिळतात, म्हणून विद्यार्थी त्यांकडे वळतात. येथे एकच सूचना करावीशी वाटते: जीवशास्त्र सोडून द्विलक्षी विषय घेऊ नये. पीकशास्त्र घेऊन जीवशास्त्र ठेवता येते. मात्र संगणकशास्त्राच्या जोडीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतले, की जीवशास्त्र जाते आणि वैद्यकाचा मार्ग त्या क्षणी बंद होतो. एम.बी.बी.एस.च्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही पात्र मानण्याचा निर्णय घेतला. असा मार्ग नंतर धरावा लागला, तरी त्यात वेळ जातोच. आयुर्वेदाच्या प्रवेशासाठी त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचूनच पाऊल टाकावे.

भौतिकशास्त्राचे वैद्याला काय प्रयोजन?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. विद्यार्थ्याला हे विषय मनापासून शिकावेसे वाटायचे, तर त्यांचे पुढील प्रयोजन त्याला आधी दिसले पाहिजे. ते दाखवण्याचे काम क्लास करणार नाही. ते वैद्यांनीच केले पाहिजे.

भौतिकशास्त्राबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात भीती अधिक असते. त्यांना शालाक्यतंत्रातील दृष्टिदोष दाखवावेत. बहिर्गोल व अंतर्गोल भिंगांची आकृती ज्याने हाताने काढली आहे, त्याला चष्म्याच्या क्रमांकापुढील अधिक-उणे चिन्हाचा अर्थ पाठ करावा लागत नाही. रक्तदाब ‘मिलिमीटर पारा’ या एककात का मोजतात, हे द्रवाच्या दाबाचे प्रकरण समजलेल्याला सांगावे लागत नाही. हृद्विद्युत आलेख, क्ष-किरण, सोनोग्राफी ही आजच्या वैद्याच्या रोजच्या व्यवहारातील साधने याच विषयावर उभी आहेत.

आपल्या संहितांतील एक उदाहरण तर याहून बोलके आहे. सुश्रुताचार्यांनी अग्निकर्मासाठी निरनिराळी दहनोपकरणे सांगितली. त्वचेसाठी पिप्पली, गोदंत, शर, शलाका आदी. मांसासाठी जांबवौष्ठ व इतर धातूंची उपकरणे. आणि सिरा, स्नायू, संधी, अस्थी यांसाठी मध, गूळ व स्नेह. हा भेद का केला असावा? ज्याने विशिष्ट उष्णता आणि उष्णतेचे वहन हे प्रकरण शिकले आहे, त्याच्या मनात हा प्रश्न आपोआप उभा राहील: तापलेला धातू उष्णता किती त्वरेने सोडतो, तापलेला स्नेह ती किती वेळ धरून ठेवतो, आणि ती किती खोलवर जाते? असा प्रश्न पडणारा विद्यार्थी संहिता केवळ पाठ करणाऱ्याच्या पुढे जातो.

रसायनशास्त्र आणि रसशास्त्र

रसायनशास्त्राचा आपल्या शास्त्राशी असलेला संबंध सर्वांत उघड आहे, आणि आश्चर्य असे, की विद्यार्थ्यांना तो बारावीपर्यंत कोणी सांगत नाही. पारद व गंधक यांच्या मर्दनाने होणारी काळी कज्जली आणि काचकुपीत वालुकायंत्रावर सिद्ध होणारा लाल रससिंदूर, या दोन्हींत मर्क्युरिक सल्फाइड हेच संयुग असते. स्फटिकरचना मात्र भिन्न असते. स्थायुअवस्थेचे प्रकरण शिकवताना शिक्षकांनी हे एक उदाहरण दिले, तर पुढे रसशाळेत जाणारा विद्यार्थी ते विसरणार नाही. शंख, मुक्ता, प्रवाळ, कपर्दिका ही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटची द्रव्ये, गोदंती म्हणजे जलयुक्त कॅल्शियम सल्फेट. तीव्र अग्नीने कार्बोनेटचे ऑक्साइड होते. शंखभस्माची तीक्ष्णता व क्षारधर्म यांचा विचार करताना हे समीकरण उपयोगी पडते.

वत्सनाभाचे शोधन हे आणखी एक उदाहरण. वत्सनाभातील ॲकोनिटीन हे अल्कलॉइड रासायनिक दृष्ट्या एस्टर वर्गातील आहे. गोमूत्र वा दुग्ध यांच्या संस्कारात व स्वेदनात त्याचे जलापघटन होऊन तुलनेने पुष्कळ कमी विषारी द्रव्ये तयार होतात. शोधनाचा काळ वा द्रव्याचे प्रमाण यांत हयगय झाली, तर औषधाचे विष होते. बारावीच्या पुस्तकातील एस्टरच्या जलापघटनाची चार ओळींची अभिक्रिया येथे रुग्णाच्या प्राणाशी जोडलेली आहे.

क्षारनिर्मितीत तर शाळेतील तीन प्रयोग एकत्र येतात. अपामार्गाची राख पाण्यात कालवणे, वारंवार गाळणे, निवळ अग्नीवर आटवणे. म्हणजे विद्राव्यता, गालन आणि बाष्पीभवन. हाच क्षार, स्नुहीक्षीर व हरिद्रा यांची मिळून एकवीस पुटे चढवून क्षारसूत्र तयार होते. हे सूत्र भगंदराच्या रुग्णाला दिलासा देते, ते प्रत्येक पुट नीट चढले तरच. ज्याने लिटमस, निर्देशक व अनुमापन स्वतः केले आहे, तो क्षाराची तीव्रता तपासण्याचा विचार तरी करील.

जीवशास्त्र : ओळख चुकली, तर सारेच चुकले

जीवशास्त्राचे महत्त्व सांगण्याची गरज नाही असे वाटते. पण ‘निम्मे गुण’ एवढ्यासाठी ते वाचले, तर वनस्पतींच्या आकारविज्ञानाची प्रकरणे कंटाळवाणी वाटतात. साधे पान कोणते, संयुक्त पान कोणते, पुष्पविन्यास किती प्रकारचे, हे पाठ करून विसरले जाते. हीच माहिती पुढे द्रव्यगुणाचा प्राण आहे.

शहरातील रस्त्यांच्या कडेला उंच, सरळसोट वाढणाऱ्या ज्या झाडाला लोक ‘अशोक’ म्हणतात, तो बहुधा पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, म्हणजे आसुपालव असतो. त्याचे पान साधे, कडा नागमोडी, फूल हिरवट. स्त्रीरोगांत वापरला जाणारा खरा अशोक सराका असोका. त्याचे पान संयुक्त, फुलांचे गुच्छ नारिंगी-लाल, फळ शेंगेचे. दोघांची कुळेही भिन्न आहेत. बाजारात अशोकाच्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे आपण सर्वजण जाणतो. नुसत्या पानावरून हा फरक सांगणारा विद्यार्थी अकरावीच्या वनस्पतिशास्त्राचा ऋणी असतो.

गुळवेलीचे उदाहरण अलीकडचे आहे. कोरोनाच्या साथीत गुळवेलीचा वापर घरोघरी वाढला आणि यकृतावरील दुष्परिणामांची चर्चा सुरू झाली. तेव्हा आयुष मंत्रालयाने २०२२ साली सूचना काढून टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच औषधी गुडूची असून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जाती वापरू नये, असे स्पष्ट केले. क्रिस्पाच्या खोडावर ठळक उंचवटे असतात. एका वेलीच्या खोडाकडे नीट न पाहिल्याने संपूर्ण शास्त्रावर बोट ठेवले जाऊ शकते, हा त्यातील धडा आहे. रास्ना, शंखपुष्पी यांसारखी संदिग्ध द्रव्ये तर अजूनही प्रांतोप्रांती वेगवेगळ्या वनस्पतींच्या रूपात वापरली जातात. या वादांचा निर्णय जे करतील, ते आज अकरावीत बसलेले आहेत.

प्राणिशास्त्राचेही तसेच. चरकाने ३६० आणि सुश्रुताने ३०० अस्थी सांगितल्या. आजचे शारीर २०६ मोजते. अस्थिसंस्थेचे प्रकरण समजून घेतलेला विद्यार्थी ही संख्याभिन्नता पाहून संहितांना हसत नाही किंवा आधुनिक शास्त्राला खोटेही ठरवत नाही. दंत, नख, तरुणास्थी यांची गणना कोणी कशी केली, हे तो पाहतो.

संस्कृत : गुणांसाठी सोडलेला विषय

विज्ञानविषयांच्या चर्चेत भाषेचा मुद्दा अप्रस्तुत वाटेल. पण आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो मध्यवर्ती आहे. अकरावीत इंग्रजी सक्तीची असते. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येते आणि मोठ्या संख्येने विद्यार्थी ते घेतात. कारण त्यात गुण मिळवणे सोपे मानले जाते. दहावीपर्यंत उत्तम संस्कृत शिकलेली मुलेही येथे संस्कृतला निरोप देतात.

दोन वर्षांनंतर याच मुलांपैकी काहींना बी.ए.एम.एस.च्या पहिल्या टप्प्यात ‘संस्कृत व आयुर्वेदाचा इतिहास’, पदार्थविज्ञान आणि संहिता-अध्ययन हे विषय एकदम सामोरे येतात. २०२२ च्या नियमांनुसार साडेचार वर्षांच्या तिन्ही टप्प्यांत संहिता-अध्ययन आहे. आरंभीचा पंधरा कार्यदिवसांचा संक्रमण अभ्यासक्रम दोन वर्षांच्या खंडाची भरपाई करू शकत नाही. मग मूळ सूत्र बाजूला राहते, भाषांतराच्या टिपणांवर परीक्षा पार पडते आणि पदवीधर वैद्य आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांनी संहिता वाचतो. ‘पयस्’ म्हणजे दूध की पाणी, ‘अमृता’ म्हणजे गुडूची की हरीतकी, हे कोशात सापडत नाही. ते संदर्भाने ठरवावे लागते, आणि संदर्भ लावण्यासाठी वाक्य समजावे लागते.

म्हणून आमचा आग्रह असा, की महाविद्यालयात संस्कृत उपलब्ध असेल तर आयुर्वेदाकडे येऊ इच्छिणाऱ्याने तेच घ्यावे. दहावीपर्यंत अभ्यास झालेल्याला त्यातही चांगले गुण मिळतात. उपलब्ध नसेल, तर भारतीय विद्या भवनाच्या सरल संस्कृत परीक्षांसारखा मार्ग आहे. तोही नसेल, तर गावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे आठवड्यातून दोन तास बसावे. रोज पाच सुभाषितांचा अन्वय लावणारे मूल दोन वर्षांत संहितेच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते.

रिकामी प्रयोगशाळा

विषय योग्य निवडले, तरी ते कोठे व कसे शिकायचे, हा प्रश्न उरतोच. महाविद्यालयात केवळ नाव आणि दिवसभर क्लासमध्ये हजेरी, ही पद्धत आता शहरांपुरती राहिलेली नाही. राज्य शासनाने २०१८ साली काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, यावरूनच तिचा प्रसार लक्षात येतो. अशा व्यवस्थेत सर्वांत आधी बळी जातो तो प्रात्यक्षिकांचा. भौतिक, रसायन व जीवशास्त्राच्या प्रत्येकी १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकांचे आहेत. पण प्रयोगवही वर्षअखेरीस दुसऱ्याची पाहून पूर्ण होते आणि सूक्ष्मदर्शकाला एकदाही डोळा न लावलेला विद्यार्थी उत्तम श्रेणीत उत्तीर्ण होतो.

वैद्यकात याचा परिणाम काय होतो, हे सुश्रुताचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते. केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा, या दोघांना त्यांनी एकेका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. योग्यासूत्रीय अध्यायात त्यांनी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा सराव करायला सांगितला तो रुग्णाच्या शरीराला हात लावण्यापूर्वी. अकरावीची प्रयोगशाळा ही आजच्या विद्यार्थ्याची पहिली योग्या आहे. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना स्थिर होणारा हात पुढे क्षारकर्म करतो. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी शोधणारी नजर पुढे चूर्णाची सूक्ष्मदर्शकीय परीक्षा करते. ही सवय अठराव्या वर्षी लागली नाही, तर ती पुढे लावणे फार अवघड जाते.

क्लास लावूच नये, असे आमचे म्हणणे नाही. स्पर्धा तीव्र आहे आणि मार्गदर्शन लागते. परंतु प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात: प्रयोगशाळा उघडी असते का, आठवड्यात किती प्रात्यक्षिके प्रत्यक्ष होतात, आणि जीवशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षक आहेत का. माहितीपत्रकातील यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांपेक्षा या तीन प्रश्नांची उत्तरे अधिक बोलकी असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी चौथाही प्रश्न विचारावा: इंग्रजी परिभाषा समजावून सांगायला कोणी आहे का? नीट मराठीतूनही देता येते. तथापि भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी प्रश्न प्रमाण मानला जातो. म्हणून मराठी व इंग्रजी संज्ञांची जोडवही पहिल्या दिवसापासून ठेवणे हिताचे आहे.

आयुर्वेद पहिली पसंती असावी

शेवटी एका नाजूक विषयाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. आयुर्वेद महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची पहिली पसंती वेगळी असते. एम.बी.बी.एस.ची यादी बंद झाली, की ते इकडे वळतात. त्यात कमीपणा काही नाही. अशांतूनही नामवंत वैद्य घडले आहेत. मात्र मनात पराभव घेऊन आलेल्या विद्यार्थ्याची पहिली दोन वर्षे पुन्हा परीक्षा द्यावी की नाही, या विचारातच जातात. आयुर्वेदाची ओढ ज्याला अकरावीतच लागली, त्याचे चित्त स्थिर असते. तो संस्कृत सोडत नाही, वनस्पती ओळखू लागतो आणि नीटच्या निकालाला आयुष्याचा निकाल मानत नाही.

प्रवेश न मिळाल्यास काय, याचाही विचार आधी करून ठेवावा. भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेतलेल्याला राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून औषधनिर्माणशास्त्राचा व कृषी शाखेचा मार्ग असतो. वनस्पतिशास्त्र वा रसायनशास्त्रातील पदवीचाही असतो. औषधी वनस्पतींची लागवड, प्रमाणीकरण, औषधनिर्मिती या क्षेत्रांत आयुर्वेदाला अशा जाणकारांची मोठी आवश्यकता आहे. एक वर्ष पुन्हा प्रयत्न करणे समजण्यासारखे आहे. पण ‘आणखी एकदा’ म्हणत तीन-चार वर्षे घालवणाऱ्या मुलाला वेळीच थांबवणे, हेही हितचिंतकाचे कर्तव्य आहे. चिकित्सालयात अशा मुलांची निद्रानाश, आम्लपित्त, शिरःशूल ही लक्षणे आपण पाहतो. त्यांना औषधाइतकीच दुसऱ्या मार्गाच्या आश्वासनाची गरज असते.

आपण काय करावे?

आधुनिक विज्ञान आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमात किती असावे, हा वाद जुना आहे. चोप्रा समितीने १९४८ मध्ये समन्वयाची बाजू घेतली. १९६० च्या दशकारंभी व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाचा अभ्यासक्रम पुढे ठेवला. त्या वादात कोणाचे मत काहीही असो, अकरावी-बारावीच्या बाबतीत मतभेदाचे कारण दिसत नाही. विज्ञान नीट शिकलेला विद्यार्थी समन्वयवादी झाला काय किंवा शुद्धवादी झाला काय, तो समजून उमजून होईल. एकाच शास्त्राच्या अभ्यासाने शास्त्राचा निश्चय होत नाही, वैद्याने बहुश्रुत असावे, हा सुश्रुताचार्यांचाच उपदेश आहे.

म्हणून सर्व वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे. आपल्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या मुलाला केवळ गटाचे नाव सांगून परत पाठवू नये. त्याला अर्धा तास द्यावा. औषधांच्या कपाटातील खरी अशोकाची साल दाखवावी, अंगणातील गुळवेलीचे खोड हातात द्यावे, शंखभस्म पाण्यात टाकून लिटमस बुडवायला सांगावे. ज्यांची स्वतःची औषधनिर्मिती आहे, त्यांनी सुट्टीत दोन-चार मुलांना काढा आटताना आणि तैलपाकाची परीक्षा होताना पाहू द्यावे. शाखांनी जून महिन्यात आपापल्या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयात एक व्याख्यान ठेवावे. त्याला खर्च नाही, लागतो तो केवळ एक दुपारचा वेळ.

पुस्तकातील प्रकरण आणि पुढचा रुग्ण यांचे नाते ज्या मुलाला एकदा दिसले, त्याला अभ्यासाला बसवावे लागत नाही. असे एक मूल प्रत्येक वैद्याने दर वर्षी घडवले, तरी दहा वर्षांनी आपल्या महाविद्यालयांतील वर्ग वेगळे दिसतील. अलमतिविस्तरेण.